गच्चीवरची गंजकी शिडी, गटाराच्या जाळ्या आणि फायबर: सोसायटीने एफआरपीत पैसे घालावेत का?

चारकोपचा_सेक्रेटरी
नमस्कार मंडळी.

आमची सोसायटी चारकोपला, खाडीच्या अंगाला. सात मजले, वय तिशीच्या पुढे. महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. सांगाडा बरा आहे म्हणाले, पण लोखंडी कामावर ऑडिटरने सरळ लाल शेरा मारलाय. गच्चीवरून पाण्याच्या टाकीवर जाणारी शिडी, टाकीभोवती चालायचा पत्रा आणि पार्किंगमधल्या गटारावरच्या जाळ्या. शिडीची एक पायरी तर अशी झालीय की धरली की लोखंडाचे पापुद्रे हातात येतात. टाकी साफ करणारा मुलगा आता वर चढायला नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबरच आहे. रंग दर दोन पावसाळ्यांनी दिलाय, पण रंगाच्या आतून गंज चालूच.

कॉन्ट्रॅक्टरने दोन कोटेशनं दिलीत. एक गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचं, दुसरं एफआरपीचं, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकचं. दुसरं अर्थातच बरंच महाग. वर त्याच्या दोन जादा सूचना: तळमजल्यावरच्या दोन कॉलमना 'फायबर रॅपिंग' करा आणि गच्चीवर फायबर पत्र्याची वेदर शेड घाला.

जीबी, म्हणजे सोसायटीची सर्वसाधारण सभा, तोंडावर आलीय. "प्लास्टिकला एवढे पैसे?" हा प्रश्न येणार हे नक्की. सिंकिंग फंडाला हात लावायच्या आधी जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हेमांगी_मुलुंड
इंजिनिअरिंगमधलं कळत नाही, घरातला अनुभव सांगते. आमच्या बाथरूमला आधी प्लायवुडचा दरवाजा होता. खालची कड फुगायची, मग पापुद्रे, मग बुरशी. नंतर फायबरचा लावला. इतक्या वर्षांत फुगला नाही, घासत नाही, आतून रोज पाणी उडतं तरी तसाच. मात्र बिजागरी गंजली! दरवाजा धडधाकट आणि स्क्रू खाऊन गेलेले. बसवणाऱ्याने साधे लोखंडी स्क्रू मारले होते. तुम्ही त्या बाजूला लक्ष द्या.

भार_आणि_आधार
हेमांगीताईंनी पहिल्याच प्रतिसादात लाखमोलाची गोष्ट सांगितली. फायबर टिकतं, जोड टिकत नाहीत. (स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, दुरुस्तीची कामं बघते, कुठलाच माल विकत नाही.)

लोखंड का हरतं ते आधी. खाडीकाठच्या हवेत क्षार असतो, तो ओलाव्याबरोबर पोलादावर बसतो आणि गंज सुरू होतो. गंजाचं आकारमान मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून पापुद्रे सुटतात, आणि स्लॅबमधल्या सळईवर हेच घडलं की खालचं काँक्रीट ढेकळासारखं पडतं. मुंबईत छज्जे पडतात त्यातल्या बऱ्याच घटनांमागे हेच कारण असतं. गॅल्व्हनायझिंग म्हणजे जस्ताचा थर. जस्त स्वतः झिजून पोलाद वाचवतं, पण खाऱ्या हवेत ते लवकर संपतं, आणि साइटवर वेल्डिंग केलं की त्या जागी जळूनच जातं.

एफआरपीत गंजायला काही नाहीच. काचेचे धागे ताकद देतात, रेझिन त्यांना बांधून ठेवतं आणि पाणी-क्षार बाहेर ठेवतं. घनता साधारण १.८ ते २, पोलादाची ७.८५. म्हणजे त्याच आकाराचा तुकडा चौथा हिस्सा वजनाचा. तुमच्या शिडीचे भाग दोन माणसं जिन्याने वर नेतील, क्रेन नको, गच्चीवर वेल्डिंग मशीन नको. कोटेशनची तुलना करताना हा खर्च धरा, आणि पुढच्या वीस वर्षांच्या रंगकामाचाही. बहुतेक कमिट्या फक्त पहिल्या बिलाचा आकडा बघतात.

आता उलट बाजू. ताणाची ताकद पुलट्रूडेड सेक्शनला (धागे रेझिनमध्ये भिजवून साच्यातून ओढून काढलेल्या पट्ट्यांना) धाग्यांच्या दिशेने साध्या पोलादाच्या तोडीची मिळते, पण ताठपणा नाही. पोलादाचा लवचिकता गुणांक, म्हणजे ताठपणा मोजायचा आकडा, २०० गिगापास्कल, एफआरपी सेक्शनचा २० ते ३० च्या घरात. मोडणार नाही, पण त्याच मापाचा तुकडा सात ते दहा पट जास्त वाकेल. म्हणून "लोखंडाला होता तोच ५० चा अँगल फायबरमध्ये द्या" असं कोणी लिहून दिलं असेल तर कोटेशन परत पाठवा. डिझाइन वाकण्यावर करायचं असतं, मोडण्यावर नाही.

गंजलेला_खिळा
बाकी सगळं खरं, पण प्लास्टिक ते प्लास्टिक. आमच्या कारखान्याच्या शेडवरचे फायबरचे पारदर्शक पत्रे काही वर्षांत पिवळे पडले, मग खरखरीत झाले, हात लावला की कुसळं टोचायची. उन्हाचं काय?

रेझिनवाला
गंजलेला खिळा यांचं दुखणं शंभर टक्के खरं आहे आणि ते टाळताही येतं. वसईला छोटा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे, साच्यातली कामं करतो: वॉचमनच्या केबिनी, कुंड्या, कूलिंग टॉवरचे भाग. माझा धंदा आहे हे आधीच सांगितलं, त्या हिशोबाने वाचा.

ती कुसळं म्हणजे उघडे पडलेले काचतंतू. उन्हातले अतिनील किरण वरचं रेझिन खातात, खडूसारखी भुकटी होते, पावसात धुऊन जाते आणि आतले धागे वर येतात. म्हणून चांगल्या कामावर बाहेरून जेलकोट असतो, त्यात अतिनीलविरोधी द्रव्य घातलेलं असतं. स्वस्त पत्र्यात जेलकोट नावापुरता. पुलट्रूडेड मालावर वरच्या थरात बारीक पॉलिएस्टरचा पडदा घालतात, त्याला आम्ही सरफेस व्हेल म्हणतो. कोटेशनमध्ये हा शब्द आहे का बघा. नसेल तर विचारा.

आता माल कसा तपासायचा. आमच्या लाइनमध्ये फसवणूक होते ती फिलरने. काच आणि रेझिन महाग, खडूची पावडर स्वस्त. पावडर जास्त घातली की माल जड, जाड, गुळगुळीत दिसतो. ग्राहक खूश. आणि एका फटक्यात तडा. नमुन्याचा तुकडा मागा आणि लॅबमध्ये जाळायला द्या. रेझिन जळून जातं, काच राहते, ती वजन करायची. उरलेल्यात पांढरी भुकटी मिसळलेली असेल तर ती अॅसिडने धुवायची. खडू विरघळतो, काच नाही. हातकामाच्या मालात काच वजनाने साधारण तीस टक्के मिळायला हवी, पुलट्रूडेडमध्ये त्याच्या दुप्पट.

लॅब नको असेल तर घरगुती चाचण्या:
नाणं घेऊन सगळीकडे ठोका. टणटणीत आवाज बरा, मध्येच बद्द आवाज आला तर थर सुटलेत.
पातळ भाग उजेडासमोर धरा. पांढरट धाग्यांचे डाग दिसले तर तिथे रेझिन भिजलेलंच नाही.
कापसाला अॅसिटोन लावून घासा. चिकट झालं तर माल कच्चा आहे, नीट पिकला नाही.
आणि वास. नवीन मालाला स्टायरीनचा, म्हणजे रेझिनमधल्या रसायनाचा, वास थोडे दिवस असतोच. महिन्यानंतरही नाक चुरचुरत असेल तर परत पाठवा.

पावसाळ्यात शेडखाली घाईत केलेला माल तर घेऊच नका. मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, ओलावा ओढते, मग रेझिन धाग्याला धरत नाही. आम्ही जुलैत मॅटचे रोल बल्ब लावलेल्या कपाटात ठेवतो. सगळे ठेवत नाहीत.

नंदन_ठा
वाचनखूण साठवली! रेझिनवाला, अशीच माहिती येऊ द्या.

जरा अवांतर: १९५७ मध्ये अमेरिकेत डिस्नीलँडमध्ये मोन्सँटो कंपनीने जवळजवळ पूर्ण प्लास्टिकचं घर उभारलं होतं, भिंती-छप्पर काचतंतूंच्या एफआरपीचे. एमआयटीच्या मंडळींचं डिझाइन. १९६७ मध्ये ते पाडायला घेतलं, एका दिवसाचं काम म्हणून. पाडायचा लोखंडी गोळा आपटून परत यायचा. शेवटी करवती-साखळ्यांनी तोडलं आणि दोन आठवडे गेले म्हणतात.

गंजलेला_खिळा
म्हणजे आमच्या रीडेव्हलपमेंटवाल्यांना हे घर दाखवू नका. :)

वेसावकर
वेसाव्याच्या बंदरावर या. एके काळी सगळ्या लाकडी होड्या. दर हंगामाला ओढून वर घ्या, फटी बुजवा, तेल-डांबर करा, आणि तरी पाण्यातला किडा लाकूड आतून पोखरणारच. आता फायबरच्या होड्या पुष्कळ. आधी लोकांनी लाकडी होडीवरच फायबरचा थर चढवला, मग सबंध होडीच साच्यातून काढायला लागले. हलकी, त्याच इंजिनावर बरी पळते, डिझेल वाचतं. खडकाला घासली तर किनाऱ्यावरच मॅट आणि रेझिन लावून ठिगळ मारायचं.

खारं पाणी फायबरला काही करत नाही असं म्हणतात ते पूर्ण खरं नाही. जेलकोटला चीर गेली की पाणी आत शिरतं आणि वर फोड येतात. फोड दिसला की फोडून, वाळवून, भरून घ्यायचा. टाळलं की पसरतो. आणि मेलेली होडी कोण घेऊन जात नाही. लाकडाची चूल पेटायची. लोखंड भंगारवाला उचलतो. फायबरचं होडकं तसंच किनाऱ्यावर पडून राहतं.

भार_आणि_आधार
वेसावकर, हा मुद्दा विकणारे कधी काढत नाहीत. हे थर्मोसेट रेझिन एकदा घट्ट झालं की परत वितळत नाही. बादली-खुर्चीच्या प्लास्टिकसारखं गाळून नवं काही करता येत नाही. युरोपात सिमेंटच्या भट्टीत इंधन आणि कच्चा माल म्हणून काही प्रमाणात जाळतात. आपल्या वॉर्डात मात्र ते डेब्रिजमध्येच जाणार.

आर्या_म
पण भंगारवाला घेत नाही हाच काही ठिकाणी फायदा आहे ना! लोखंडी मॅनहोलची झाकणं चोरीला जातात हा मुंबईचा जुना रोग. ऑगस्ट २०१७ च्या पुरात एल्फिन्स्टनजवळ एक डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, ते कोण विसरेल? हायकोर्टाने कान उपटल्यावर महापालिकेने झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवायला घेतल्या. फायबरच्या झाकणाला भंगारात किंमत नाही, मग चोरायचं कशाला? आमच्या गल्लीत दोन बसवलीत. गाडी गेली तरी लोखंडासारखा धडधड आवाज येत नाही.

भार_आणि_आधार
बरोबर, पण झाकणावरचा वर्ग बघून घ्यायचा. युरोपीय मानक ईएन १२४ मध्ये ए १५ म्हणजे १५ किलोन्यूटन, दीड टन, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. गाड्यांच्या पार्किंगला बी १२५. ज्या रस्त्यावर ट्रक-बस जातात तिथे डी ४००, म्हणजे चाळीस टन. दिसायला सगळी करडी आणि चौकोनी. पार्किंगमध्ये ए १५ टाकलं आणि त्यावर पाण्याचा टँकर आला की संपलं.

सेक्रेटरीसाहेब, तुमच्या गटारावरच्या जाळ्यांनाही हेच लागू. बाजारातली नेहमीची मोल्डेड जाळी ३८ मिलिमीटरच्या चौकटीची, जाडी २५ किंवा ३८. माणसांना उत्तम. वर वाळूचा खर असतो, पावसात पाय घसरत नाही. पण गाडीच्या चाकाखाली टाकायची तर गटाराची रुंदी मोजून, जाड जाळी घेऊन, चाकाच्या भाराचा आकडा लेखी मागा. पार्किंगमध्ये टँकर येत असेल तर त्या एका पट्ट्यात बिडाच्या जाळ्या ठेवल्या तरी माझी हरकत नाही.

चारकोपचा_सेक्रेटरी
टँकर येतो. मे महिन्यात तर रांग लागते. मग तो पट्टा वेगळा धरतो. धन्यवाद.

कॉलम रॅपिंग आणि वेदर शेडबद्दल कोणी बोललं नाही अजून.

अग्नी_सुरक्षा_१०१
शेडबद्दल मी बोलतो. साधं पॉलिएस्टर रेझिन पेटतं आणि काळाकुट्ट दाट धूर सोडतं. काच जळत नाही म्हणून 'फायबर जळत नाही' असं विक्रेते सांगतात; तो शब्दांचा खेळ आहे. २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल्समध्ये गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली, १४ जणांचा जीव गेला. गच्चीवर पेटणारं छप्पर आणि खाली कोंडलेली माणसं, एवढं पुरे होतं.

अग्निरोधक रेझिन मिळतं. त्यात अॅल्युमिना ट्रायहायड्रेट घालतात, तापलं की ते पाणी सोडतं आणि ज्वाळा मंदावते. फिनोलिक रेझिन धूरही कमी करतं, पण महाग. 'एफआर ग्रेड' (अग्निरोधक) एवढं लिहून भागत नाही, ज्वाळा पसरण्याच्या चाचणीचा रिपोर्ट मागा आणि तो त्याच रेझिनचा आहे का बघा. माझं मत: टाकीची उघड्यावरची शिडी फायबरची चालेल. जिना, लिफ्टसमोरची लॉबी, मीटर रूमचं छत, जिथून आगीत माणसं बाहेर पडणार तिथे नको. गच्चीभर शेड तर नकोच. शिवाय त्याला महापालिकेची परवानगी लागते, ती कॉन्ट्रॅक्टर काढणार की तुम्ही?

हेमांगी_मुलुंड
मग ट्रेनमध्ये कसं चालतं? डब्यांमध्ये तर हल्ली सगळीकडे फायबरच दिसतं, टॉयलेटसुद्धा.

अग्नी_सुरक्षा_१०१
चालतं, कारण रेल्वे आग आणि धुराच्या चाचण्या लावून माल घेते. तुमची सोसायटी लावणार आहे का, एवढाच प्रश्न.

भार_आणि_आधार
रॅपिंग. यावर जरा लांबलचक लिहिते, कारण मुंबईत यात खूप गोंधळ चाललेला आहे.

कॉलमभोवती काचेचं किंवा कार्बनचं कापड इपॉक्सीने गुंडाळलं की काँक्रीटला आडवा कोंडवा मिळतो. दाबाखाली ते बाजूला फुगू शकत नाही, म्हणून जास्त भार सोसतं. तंत्र खरं आहे, जगभर वापरतात, आपल्याकडे आयएस १५९८८ मध्येही जुन्या इमारती मजबूत करण्याच्या उपायांत त्याचा उल्लेख आहे. जाडी काही मिलिमीटर, पार्किंगची जागा खात नाही. काँक्रीटचं जॅकेट केलं असतं तर कॉलम चारही बाजूंनी १०० मिलिमीटर तरी वाढला असता आणि दोन गाड्यांचे मालक तुमच्यावर धावून आले असते.

पण आत सळई गंजत असताना वरून गुंडाळणं म्हणजे पू असलेल्या जखमेवर पट्टी. गंज आत वाढतच राहतो, आणि आता तो दिसतही नाही. योग्य क्रम असा: आधी सैल काँक्रीट फोडून काढायचं, सळई उघडी करून घासायची, जिथे जास्त खाल्ली तिथे नवी जोडायची, दुरुस्ती मॉर्टरने भरायचं, पृष्ठभाग घासून कोपरे गोल करायचे, कारण धारदार कोपऱ्यावर कापड तुटतं, आणि मग कापड. पहिले टप्पे गाळून थेट कापडाचा दर कोणी लावला असेल तर तो मलमपट्टीचे पैसे घेतोय. तुमच्या ऑडिटरने कॉलमबद्दल काय लिहिलंय? सांगाडा बरा म्हणाला असेल तर कॉन्ट्रॅक्टरला हे काम सुचलं कुठून?

चारकोपचा_सेक्रेटरी
ऑडिटमध्ये कॉलमबद्दल 'किरकोळ तडे, प्लास्टरपुरते' एवढंच आहे. विचारतो त्याला.

नंदन_ठा
जाता जाता, आमच्या रीडेव्हलपमेंटचा बिल्डर म्हणतोय की नव्या इमारतीत काचेच्या सळया वापरणार, गंजच नाही. हे खरंच करतात का?

भार_आणि_आधार
सळया असतात, आणि २०२३ मध्ये आयएस १८२५६ हे त्यांचं भारतीय मानकही आलं. जमिनीवरचा स्लॅब, कंपाउंड वॉलचा पाया, समुद्राकाठची भिंत, अशा जागी मला आवडतील. कॉलम-बीममध्ये नाही. पोलादाची सळई तुटायच्या आधी खूप ताणली जाते, इमारत वाकून इशारा देते. भूकंपात हा गुण जीव वाचवतो. काचेची सळई सरळ रेषेत ताण घेत जाते आणि एकदम तुटते. साइटवर ती वाकवताही येत नाही, रिंगा कारखान्यातून तयार आणाव्या लागतात. शिवाय काँक्रीट अल्कलाइन असतं आणि साधी ई-ग्लास, म्हणजे नेहमीच्या काचतंतूंची काच, त्यात हळूहळू खराब होते, म्हणून बोरॉनविरहित काच आणि व्हिनाइल एस्टर रेझिन लागतं. बिल्डरला हे दोन शब्द विचारून बघा. चेहरा कोरा राहिला तर ते फक्त ब्रोशरसाठी होतं.

गंजलेला_खिळा
चर्चा पार भरकटायच्या आत एक साधा प्रश्न. आमच्या गेटवरची वॉचमनची केबिन फायबरची आहे आणि एप्रिलमध्ये आत बसवत नाही. म्हणे उष्णता रोखते!

रेझिनवाला
एफआरपीतून उष्णता अॅल्युमिनियमच्या मानाने नगण्य जाते हे खरं. पण तीन मिलिमीटरचा एकेरी थर ऊन किती अडवणार? आत पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरलेली दुहेरी भिंत मागा, छप्पर पांढरं घ्या, आणि वर हवा निघायला जागा ठेवा. सोसायट्या सगळ्यात स्वस्त केबिन घेतात आणि बारा तास आत बसतो वॉचमन.

हेच बाथरूमच्या दरवाजाचं. आतला गाभा काय आहे ते विचारा आणि आयएस १४८५६ चा माल घ्या, ते घरातल्या फायबर दरवाजांचंच मानक आहे.

चारकोपचा_सेक्रेटरी
अपडेट. कॉन्ट्रॅक्टरला कॉलमबद्दल विचारलं, तर "प्रिकॉशन म्हणून सुचवलं" म्हणाला. कमिटीने ते वगळलं. शेडही वगळली, गच्चीचं वॉटरप्रूफिंग वेगळं करून घेऊ. शिडी, टाकीभोवतीचा चालायचा मार्ग आणि टँकरचा पट्टा सोडून बाकीच्या जाळ्या एफआरपीत, असा प्रस्ताव जीबीसमोर ठेवतोय. अग्निरोधक रेझिनचा रिपोर्ट, सरफेस व्हेल आणि लॅबमध्ये जाळायचा नमुना या अटी लिहून दिल्यात. त्याने लगेच दर वाढवला, त्यावरून आधी काय देणार होता ते कळलं.

शेवटचे दोन प्रश्न. बोल्ट कुठले? आणि साइटवर कापाकापी झाली तर काय काळजी घ्यायची?

रेझिनवाला
बोल्ट, वॉशर, अँकर सगळे एसएस ३१६ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार). ३०४ खाडीकाठी चहाच्या रंगाचे डाग धरतो. वॉशर मोठा घ्या आणि बोल्ट करकचून पिळू देऊ नका, माल चेपतो. भोक कडेला अगदी चिकटून पाडलं तर कड फाटते, म्हणून अंतर ड्रॉइंगवर लिहून घ्या.

कापलेली प्रत्येक कड आणि पाडलेलं प्रत्येक भोक तिथल्या तिथे रेझिनने बंद करायचं. तिथेच काच उघडी पडते, आणि फिटर नेमकं हेच टाळतात कारण रेझिन मिसळायचा कंटाळा. तुम्ही उभे राहून करून घ्या. मिसळताना कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट ओतू देऊ नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये, नीट ढवळून मगच हार्डनर. कापणाऱ्याला मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. गच्चीवर कोणाचे पापड-वाळवणं असतील तर त्या दिवशी आत घ्यायला सांगा, ती काचेची धूळ आहे.

रंग पिवळा किंवा करडा, पण रेझिनमध्येच मिसळलेला. वरून ऑइलपेंट मारलेला नको.

चारकोपचा_सेक्रेटरी
वाळवणाची नोटीस आजच लावतो. जीबीत काय झालं ते इथेच कळवेन.